जमिनीचा कान

सगळ्यात आधी ऐकू आली ती एक म्हैस.

जानेवारीतल्या एका सकाळी स्नेहल तोडकर शिरसोळ नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा केंद्रात पडद्यासमोर बसली होती. काम कंटाळवाणं होतं. शहराचं एक तृतीयांश पाणी नळापर्यंत पोचण्याआधीच जमिनीत मुरत होतं आणि ते नेमकं कुठं मुरतंय हे शोधायला नगरपरिषदेनं एक नवी पेटी आणली होती. गळतीची जागा पडद्यावर बारीक, अखंड थरथरणाऱ्या रेघेसारखी दिसायची. पण त्या सकाळी चार हजार दोनशे मीटरच्या खुणेपाशी एक ठिपका उमटला, जरा पुढं दुसरा, मग तिसरा. ठिपके सावकाश सरकत होते. आणि गळती चालत नाही, एवढं स्नेहलला नक्की माहीत होतं.

तिनं स्कूटर काढली. मोबाइलवर तोच पडदा उघडा ठेवून ती पेठेच्या कोपऱ्यावर पोचली तेव्हा ठिपके तिथंच थांबले होते. कोपऱ्यावर एक म्हैस भाजीवाल्याच्या टोपलीतला मुळ्याचा पाला निवांत खात उभी होती. भाजीवाल्यानं तिला हाकललं. म्हैस चार पावलं पुढं सरकली आणि स्नेहलच्या हातातल्या मोबाइलवर नवे ठिपके उमटले.

स्नेहल एक्केचाळीस वर्षांची होती. त्यातली अठरा वर्षं तिनं केसाएवढ्या जाडीचे काचेचे तंतू जोडण्यात घालवली होती. आपण काय जोडत होतो ते त्या भर बाजारात तिला पहिल्यांदा कळलं आणि तिच्या अंगावर काटा आला.

शिरसोळच्या प्रत्येक गल्लीखाली इंटरनेटची केबल होती. तिच्यातले निम्मे तंतू कधी वापरलेच गेले नव्हते. पेटी अशा एका रिकाम्या तंतूत दर सेकंदाला हजारो वेळा लेझरचा झोत सोडायची. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात अतिसूक्ष्म चढउतार राहतातच. झोत पुढं जाताना प्रत्येक चढउतारापाशी अगदी किंचित प्रकाश मागं परततो. परतायला किती वेळ लागला यावरून तो किती अंतरावरून आला ते समजतं. दोन मीटर जाऊन यायला सेकंदाच्या एक अब्ज भागांपैकी वीस भाग पुरतात, आणि पेटीला तेवढंही मोजता येत होतं.

खरी गंमत पुढं होती. वरून कुणी चाललं, गाडी गेली, दगड पडला की माती थरथरते. मातीबरोबर तंतू ताणला जातो. तो ताण जीवाणूच्याही शंभराव्या हिश्श्याएवढा असला तरी परतणाऱ्या प्रकाशाच्या लाटा जरा पुढंमागं सरकतात, आणि पेटीला ते सरकणं दिसतं. म्हणजे कॅमेरा नाही, मायक्रोफोन नाही, तरी पंचेचाळीस किलोमीटर केबलचा प्रत्येक दोन मीटरचा तुकडा एक कान झाला होता. बोलणं त्याला कळत नव्हतं. पण कोण चाललं, कोण धावलं, कुठली गाडी कुठं वळली, हे सगळं कळत होतं.

पुढचे तीन आठवडे स्नेहल जेवणसुद्धा त्या पडद्यासमोर करायची. ट्रक, बस, स्कूटर, कुत्रा, दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या मुली, प्रत्येकाची नक्षी वेगळी. घरी आली की ती वडलांना सांगत बसायची. अप्पा, म्हणजे मुरलीधर तोडकर, एसटीच्या आगारातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून घरात बाप-लेक दोघंच. अप्पा ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "इंजिनाचं मिसफायरिंग कळतंय का त्यात?"

"कळतं, अप्पा. पेठेतल्या दुधाच्या टेम्पोचं तिसरं सिलिंडर मारत नाही."

"मग चांगलं यंत्र हाय," अप्पा म्हणायचे. त्यांच्याकडून याहून मोठी दाद मिळत नसे.

शिरसोळच्या मुख्याधिकारी पाटणकर मॅडमना स्नेहलनं हे दाखवलं तेव्हा त्या दहा मिनिटं सरकणारे ठिपके बघत राहिल्या. मग त्यांनी 'शेजार'चं नाव काढलं.

'शेजार' हे नगरपरिषदेचं तीन वर्षांपूर्वीचं ॲप. वस्तीत कुणी उपद्रव करत असेल, कचरा जाळत असेल, कर्णा लावत असेल, तर बटण दाबून तक्रार करायची. तक्रारदाराचं नाव कुणालाही दिसणार नाही, अधिकाऱ्यांनाही नाही, अशी हमी होती. लोकांनी भरभरून बटणं दाबली. अडचण एवढीच होती की त्यातल्या खऱ्या तक्रारी किती आणि उट्टं काढायला केलेल्या किती, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

"तुमची जमीन साक्ष देईल का?" मॅडमनी विचारलं.

"देईल," स्नेहल म्हणाली. "फक्त एक नियम हवा. पायी चालणाऱ्या माणसाचा त्याच्या घरापर्यंत माग काढायचा नाही. नाहीतर उद्या कोण कुणाकडं जातं हेच लोक विचारायला लागतील."

"लिहून द्या," मॅडम म्हणाल्या, आणि स्नेहलनं तो नियम स्वतःच्या हातानं लिहून दिला.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी हा जमिनीचा कान 'भूकान' या नावानं सुरू झाला. तिसऱ्याच दिवशी त्यानं एक टँकर पकडला. ओढ्यात कुणीतरी कारखान्याचं घाण पाणी सोडतंय अशी दोन वर्षं तक्रार होती, सापडत कुणी नव्हतं. त्या दिवशी भर दुपारी पडद्यावर एक जड गाडी ओढ्याच्या पुलापाशी थांबली आणि पाठोपाठ वाहत्या पाण्याची अखंड रेघ उमटली. स्नेहलनं फोन फिरवला. पथक पोचलं तेव्हा ड्रायव्हर पाइप गुंडाळत होता. पुलावर शंभरेक लोक जमले आणि कुणीतरी स्नेहलला पेढा भरवला. महिनाभरात कचरा जाळणं थांबलं, मंगल कार्यालयांचे कर्णे दहाच्या ठोक्याला बंद व्हायला लागले. लोक ओट्यांवर बसून भूकानाच्या गोष्टी सांगायचे. शहराला एकदम शहाणपण आल्यासारखं वाटत होतं आणि त्या सगळ्यात आपला हात आहे या आनंदात स्नेहल तरंगत होती.

उद्घाटनाच्या दिवशी सर्वांत जागरूक नागरिक म्हणून निगवेकर सरांचा सत्कार झाला होता. सर सहकारनगरात स्नेहलच्याच गल्लीत राहायचे. शाळेत त्यांनी तिला भूगोल शिकवला होता. 'शेजार'वर सर्वाधिक तक्रारी आपण केल्याचं ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. हार घालून घेतल्यावर ते माइकवर म्हणाले, "तक्रार करताना मी मित्र बघत नाही, शेजारी बघत नाही."

टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेतून अप्पा उठून घरी गेले. स्नेहलला त्याचं नवल वाटलं नाही. अप्पा आणि सर एके काळचे जिवलग. रोज संध्याकाळी दोघं बागेतल्या बाकावर बसायचे. पण दोन वर्षांपूर्वी अप्पांची घराशेजारची शेड नगरपरिषदेच्या नोटिशीनं बंद झाली. निवृत्तीनंतर ते तिथं जुन्या स्कूटरी दुरुस्त करून रंगवायचे. त्या महिन्यापासून त्यांनी सरांशी बोलणं टाकलं होतं. सरांनी एकदोनदा फाटकापाशी येऊन हाक मारली, अप्पा आतून बाहेर आले नाहीत.

मार्चमध्ये सरांच्या घरी विचित्र प्रकार सुरू झाले. एका दुपारी त्यांच्या नावाच्या पाटीला कुणीतरी डांबर फासलं. दुसऱ्या आठवड्यात अंगणातल्या टाकीचा नळ उघडा टाकून सगळी टाकी रिकामी केली. आणि महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी, दुपारी पावणेतीनच्या सुमाराला, दाराच्या पायरीवर जुनं इंजिन ऑइल ओतलं. सर झोपेतून उठून बाहेर आले आणि घसरून पडले. उजवं मनगट मोडलं.

इंजिन ऑइल म्हटल्यावर गल्लीनं कुणाचं नाव घ्यायचं ते लगेच ठरवलं. त्याच गल्लीतली मयूरी कोळेकर बावीस वर्षांची होती. डोंगराच्या चढावर मोटरसायकल शर्यतीचा सराव करायची आणि तिच्या गाडीचा आवाज तीन गल्ल्या ऐकू जायचा. तिच्या नावावर 'शेजार'वर आवाजाच्या सात तक्रारी होत्या. त्या सरांनीच केल्या असणार आणि म्हणून ती सूड घेतेय, असं सगळे म्हणायला लागले. त्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी नगरपरिषदेत सुनावणी लागली.

सुनावणीच्या आधीच्या शनिवारी सकाळी मयूरी पाणीपुरवठा केंद्राच्या दारात उभी राहिली. हेल्मेट काखेत, चेहरा उतरलेला.

"ताई, माझी अग्निशमन दलात निवड झालीय," ती म्हणाली. "अडीच हजार मुलींमधून चाळीस. आता वर्तणुकीचा दाखला मागितलाय. मंगळवारी माझ्याविरुद्ध निकाल लागला तर तो मिळणार नाही. सरांना मी नखसुद्धा लावलेलं नाही. तुमच्या कानाला विचारा ना."

स्नेहलनं खुर्ची पुढं सरकवली. "त्या शुक्रवारी पावणेतीनला कुठं होतीस?"

"खिंडीत. सरावाला."

खिंडीतल्या टाकीपर्यंत केबल होती. स्नेहलनं तारीख आणि वेळ टाकली. पडद्यावर नऊ किलोमीटरच्या खुणेपाशी एक कडक, दातेरी रेघ चढ चढत होती. प्रत्येक वळणावर ती क्षणभर विरळ व्हायची आणि पुन्हा ताठ व्हायची. "ही तू," स्नेहल म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "सव्वादोनपासून साडेतीनपर्यंत तू खिंडीतच आहेस."

मयूरी पडद्याकडं बघत राहिली. मग हळू म्हणाली, "लोक म्हणतील गाडी दुसऱ्याला दिली आणि ही चालत आली. ताई, त्या पायरीपाशी कोण आलं तेच बघा की."

"ते बघता येत नाही. नियम आहे."

"कुणी केला नियम?"

मयूरीनं मान हलवली आणि ती निघून गेली. बाहेर तिची गाडी सुरू झाली तेव्हा खिडकीची काच थरथरली.

नियम तिचाच होता आणि तो बरोबरही होता. पण केंद्रातली मूळ नोंद दहाच दिवस राहायची, मग नवी नोंद तिच्यावर लिहिली जायची. त्या शुक्रवारची नोंद येत्या सोमवारी दुपारी पुसली जाणार होती आणि सुनावणी मंगळवारी होती. स्नेहल अर्धा तास येरझारा घालत राहिली. मग तिनं दार लावलं आणि सरांच्या फाटकासमोरचे दोन मीटर उघडले.

दोन वाजून एकोणचाळीस मिनिटं. पावलं. एक जड, एक हलकं, मधे जरासं घासत गेलेलं. जड, हलकं, घासणं. सात पावलं आणि थांबा. पुन्हा सात पावलं. माग लागला होता. पावलं सरांच्या फाटकापाशी आली, नाहीशी झाली, चार मिनिटांनी पुन्हा उमटली आणि परत फिरली. ती कुठून आली होती ते बघायला तिनं पट्टी मागं सरकवली. दहा मीटर. वीस. चाळीस. सेहेचाळिसाव्या मीटरवर पावलं एका फाटकातून बाहेर पडत होती.

ते फाटक तिच्याच घराचं होतं.

आकडा बघायचीही गरज नव्हती. अप्पांच्या डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दीड महिना ती त्यांचा हात धरून व्हरांड्यात चालली होती. जड, हलकं, घासणं. सात पावलं झाली की थांबायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि अप्पांना ती सवयच लागली होती.

ती घरी आली तेव्हा अप्पा व्हरांड्यात सुपात भाजलेले शेंगदाणे घेऊन साल पाखडत होते.

"अप्पा, सरांच्या पायरीवर ऑइल तुम्ही ओतलंत?"

सूप थांबलं. अप्पांनी नाकारायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "यंत्रात दिसलो व्हय? डांबर, नळ, ते पण मीच."

"का, अप्पा?"

"त्यानं माझी शेड बंद केली म्हणून." ते शांतपणे बोलत होते. "दोन वर्षं मला खात्री नव्हती. म्हटलं, मास्तर असं करणार न्हाई. मग त्या दिवशी माइकवर बोलला, मित्र बघत न्हाई म्हणून. माझ्यासमोर. तीस वर्षं रोज एका बाकावर बसलेला माणूस. तोंडावर येऊन सांगितलं असतं, मुरली, तुझ्या रंगाचा वास येतोय, तर मीच शेड मागं हलवली असती."

"त्यांचं मनगट मोडलंय."

"तो पडंल असं मला वाटलं नव्हतं. चप्पल खराब हुईल, चिडंल, दारात येऊन मला शिव्या देईल, एवढंच. एकदा तरी येऊन भांडंल." अप्पांनी सूप खाली ठेवलं. "त्या पोरीवर आळ येईल हेही ध्यानात आलं न्हाई."

स्नेहल त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. दोन वर्षं तिनं ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती.

"शेडची तक्रार सरांनी केली नव्हती, अप्पा. मी केली होती."

अप्पा तिच्याकडं बघत राहिले.

"डॉक्टर म्हणाले होते, रंगाच्या फवाऱ्यानं तुमची फुप्फुसं चालली आहेत. तुम्ही मास्क लावत नव्हता. मी सांगून सांगून थकले. मग एक दिवस ऑफिसात बसून बटण दाबलं. नोटीस आली, शेड बंद झाली, खोकला कमी झाला. मला वाटलं, बरं झालं, माझं नाव कुठं आलंच नाही."

रस्त्यावरून एक आइस्क्रीमची गाडी घंटी वाजवत गेली.

"तोंडानं सांगायचं होतंस," अप्पा म्हणाले.

"सतरा वेळा सांगितलं होतं."

"मग अठराव्यांदा सांगायचं." ते उठले आणि आत गेले. रविवारभर त्यांनी तिच्याशी एक शब्द काढला नाही.

सोमवारी दुपारी दोन वाजता स्नेहल पडद्यासमोर बसली होती. दोन एकोणचाळीसला ती नोंद पुसली जाणार होती. तिला काहीच करायचं नव्हतं, नुसतं बसून राहायचं होतं. यंत्र आपोआप सगळं मिटवणार होतं. मयूरीसाठी खिंडीतली रेघ तिनं शनिवारीच जतन केली होती, कदाचित तेवढ्यावर समितीचं समाधान झालंही असतं. अप्पांचं नाव कुठं आलं नसतं. तिचंही आलं नसतं.

आणि हेच तिला सहन होईना. नाव न आल्यामुळंच हे सगळं झालं होतं. दोन वाजून सहा मिनिटांनी तिनं ती सगळी नोंद, फाटकापासून फाटकापर्यंत, कायमची जतन केली. बटण दाबल्यावर तिला वाटलं होतं रडू येईल. त्याऐवजी अंगातून कुणीतरी मोठं ओझं उचलून नेल्यासारखं झालं. डोकं लख्ख होतं.

तेवढ्यात तिचं लक्ष चालू पट्टीकडं गेलं. सहकारनगरातून एक पाऊल मुख्य रस्त्याला लागलं होतं. जड, हलकं, घासणं. सात पावलं, थांबा.

ती उठून उभी राहिली. अप्पा कित्येक महिन्यांत गल्लीबाहेर पायी गेले नव्हते. ठिपके बँकेचा चौक ओलांडून आले. पोस्टापाशी जरा जास्त वेळ थांबले. स्नेहलनं श्वास रोखून धरला. पुन्हा सुरू झाले. ते केंद्राकडंच येत होते. थांबवायला येतायत का, भांडायला येतायत, काही कळेना. भर उन्हात सत्तरी उलटलेला तिचा बाप किलोमीटरभर चालत येत होता आणि ती प्रत्येक पाऊल बघत होती. स्कूटर काढून समोर जावं असं दोनदा मनात आलं, पण पडद्यापासून तिला हलवेना.

अडीचला अप्पा दारात आले. टोपी काढून त्यांनी घाम पुसला आणि खुर्चीवर बसले. तिनं पाण्याचा तांब्या दिला.

"ते माझं चालणं," ते धापा टाकत म्हणाले, "ठेवलंस का पुसलंस?"

"ठेवलं, अप्पा."

"बरं केलंस. तेच सांगायला आलो व्हतो." ते पाणी प्यायले. "उद्या मी पण येतो. तू यंत्राचं सांग, माझं मी सांगतो."

सुनावणीला सभागृह भरलं होतं. समोर पाटणकर मॅडम आणि समितीचे दोन सदस्य. एका बाजूला निगवेकर सर, हात गळ्यात बांधलेला. दुसऱ्या बाजूला मयूरी, एकटी. स्नेहलनं खिंडीतली रेघ दाखवली. मग ती पावलं दाखवली आणि ती कुणाची आहेत ते सांगितलं. सभागृहात एकदम कुजबूज उठली.

"पायी माणसाचा माग काढायचा नाही, हा नियम तुम्हीच लिहून दिला होता," मॅडम म्हणाल्या.

"हो. आणि मीच मोडला. तो नियम चांगला आहे, मॅडम. मोडल्याची काय शिक्षा असेल ती मला द्या." मग तिनं शेडच्या तक्रारीचंही सांगितलं, सगळ्यांसमोर, स्वतःच्या नावानं.

अप्पा उभे राहिले. "मास्तर," ते एवढंच म्हणाले. त्यांनी हात जोडले.

सर खुर्चीवरून उठले. "मुरली, तुझ्या शेडसाठी मी या इमारतीत दोनदा येऊन गेलो," ते म्हणाले. "ती चालू राहावी म्हणून. अर्ज केला होता मी."

"मग माइकवर ते काय बोललास?"

"व्यासपीठावर चढल्यावर माणूस फुशारक्या मारतो." सरांचा चेहरा लाल झाला होता. "तू मला येऊन विचारायचं होतंस. मी तुझ्या फाटकात उभा राहून हाका मारत होतो आणि तू आत बसून राहिलास. मनगटापेक्षा ते जास्त लागलं मला."

"चुकलं," अप्पा म्हणाले.

"चुकलंच," सर म्हणाले. आणि मग समितीकडं वळून, "पोरीचा दाखला आज द्या. आमचं दोघांचं आम्ही बघतो."

मॅडमनी मयूरीला निर्दोष ठरवलं आणि दाखल्यावर तिथंच सही केली. सरांचा हात बरा होईपर्यंत त्यांचा बाजारहाट आणि दवाखान्याची ने-आण अप्पांनी करायची असं ठरलं. स्नेहलला भूकानावरून काढून पुन्हा गळतीच्या कामावर पाठवण्यात आलं. जाता जाता तिनं एक सूचना लिहून दिली, की 'शेजार'वर तक्रार करण्याआधी ॲपनं विचारावं, त्या माणसाशी तुम्ही बोललात का. मॅडमनी ती वाचली आणि फायलीत न टाकता टेबलावर समोर ठेवली.

संध्याकाळी सहाला स्नेहल मयूरीच्या घरी गेली. मयूरी ओट्यावर गाडीची साखळी पुसत होती.

"अभिनंदन करायला आलात?"

"तेही आहे," स्नेहल म्हणाली. "पण आधी दुसरं सांगायचंय. तुझ्या गाडीच्या आवाजाच्या सात तक्रारी आहेत ना? त्यातल्या दोन माझ्या."

मयूरीचा हात थांबला. "तुम्ही तर रोज माझ्याशी हसून बोलत होता."

"हो."

"तेव्हा का नाही सांगितलंत?"

"बटण जवळ होतं," स्नेहल म्हणाली. "तू दहा पावलं लांब होतीस."

मयूरीनं फडकं साखळीवरून जोरानं ओढलं. ती रागावली होती आणि तो राग तिनं लपवला नाही. मग तिनं विचारलं, "आवाज खरंच इतका जास्त आहे?"

"माझ्या स्वयंपाकघरातली भांडी वाजतात."

"मला हे कुणीच सांगितलं नाही," मयूरी म्हणाली. "सात नोटिसा आल्या, माणूस एक आला नाही. मला वाटायचं, मुलगी गाडी चालवते ते खुपतंय सगळ्यांना." तिनं फडकं बाजूला टाकलं. "उरलेल्या पाच कुणाच्या?"

"यंत्राला माहीत नाही. नाव कुठंच नाही."

"मग विचारत जाऊ. याल?"

दोघी निघाल्या. पहिल्या घरातल्या गृहस्थांनी आपण तसलं काही केलं नसल्याचं ठासून सांगितलं आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या घरी कुणी नव्हतं. तिसऱ्या घरातला तरुण जिल्हा बँकेत होता. तो आधी अडखळला, मग म्हणाला, "एकदा. बाळ नुकतंच झोपलं होतं." मयूरीनं त्याला गाडी किती वाजता काढलेली चालेल ते विचारलं. त्यानंही जरा विचार करून, आत बायकोला विचारून, सांगितलं. दोघांनी फोन नंबर घेतले. बाहेर आल्यावर मयूरी हसली, त्या दिवसातलं पहिलं हसू, आणि तिचा चालण्याचा वेग वाढला.

चौथ्या घराची बेल वाजवायच्या आतच दार उघडलं. सबनीस काकू आत उभ्या होत्या. सभागृहातली बातमी गल्लीभर पोचली होती.

"तीन," काकू म्हणाल्या. "माझ्या तीन. दुपारी लागलेला डोळा उघडायचा गं. आत ये, चहा टाकलाय."

"चहा नंतर, काकू," मयूरी म्हणाली. "अजून एक राहिलीय."

काकूंनी आत जाऊन गॅस बंद केला, पदर सारखा केला आणि दाराशी येऊन चपला शोधायला लागल्या. "थांबा जरा," त्या म्हणाल्या. "मला वाटतं, कुणाची असेल ते मला माहीत आहे. पण त्यांच्याकडं तुम्ही दोघीच गेलात तर त्या कबूल व्हायच्या नाहीत. मी येते बरोबर."